एका सरपंचाची निवड

प्रास्ताविक

'पानिपत' हे नाव मराठी माणसाच्या परिचयाचे आहे ते इतिहासामुळे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी सैन्य आणि अहमदशहा अब्दाली यांच्यात तेथे मोठे युद्ध झाले. त्या पराभवाचा ठसा इतका खोल उमटला की, 'पानिपत होणे' हा वाक्प्रचारच मराठीत रूढ झाला. आजचे पानिपत हा हरियाणा राज्यातील एक जिल्हा आहे. दिल्लीच्या उत्तरेला सुमारे नव्वद किलोमीटरवर वसलेले हे शहर सतरंज्या, घोंगड्या आणि हातमागाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. याच जिल्ह्यातील बुआना लाखू या गावात २०२२ साली सरपंचपदाची निवडणूक झाली. त्या निवडणुकीतील मतांची अखेरची मोजणी झाली ती मात्र देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात. गावातील मतपेटीचा प्रश्न दिल्लीपर्यंत कसा गेला, वाटेत त्याला कोणकोणत्या संस्था भेटल्या आणि प्रत्येकीचे काम काय होते, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

- संघराज्यात केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांच्यातील कामाची वाटणी सांगता येईल.
- पंचायतीची निवडणूक कोण घेते व तिचे नियम कोण करते, हे स्पष्ट करता येईल.
- भारतातील न्यायालयांची रचना उदाहरणासह समजावून देता येईल.
- कायदा आणि प्रशासन यांतील पारिभाषिक शब्दांचा योग्य वापर करता येईल.

मूळ पाठ

१. वादाचा आरंभ

२ नोव्हेंबर २०२२ रोजी बुआना लाखू गावातील मतदारांनी सरपंच निवडण्यासाठी मतदान केले. गावात क्रमांक ६५ ते ७० अशी सहा मतदान केंद्रे होती. मतदान यंत्रांद्वारे झाले. मोजणीनंतर ज्या उमेदवाराची निवड ग्राह्य धरली गेली, त्याच्या विरोधात प्रतिस्पर्धी उमेदवाराने आक्षेप घेतला. केंद्र क्रमांक ६९ वरील दोघांच्या मतांची अदलाबदल होऊन नोंद झाली आहे, असे त्याचे म्हणणे होते. दोघांमधील अंतर थोडे होते. एका केंद्रावरील आकडे उलटसुलट झाले, तर सगळा निकालच फिरणार होता.

आक्षेप साधा होता. परंतु दाद कोणाकडे मागायची? गावाच्या ग्रामसभेकडे, जिल्ह्याच्या उपायुक्तांकडे, राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडे की न्यायालयाकडे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपली राज्यव्यवस्था कशी बांधली आहे, हे आधी पाहावे लागेल.

२. राज्य, जिल्हा आणि गाव

भारतीय संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात भारताचे वर्णन 'राज्यांचा संघ' असे केले आहे. संघराज्यात सत्ता एका ठिकाणी एकवटलेली नसते. संविधानच तिची वाटणी करून देते. सातव्या अनुसूचीत यासाठी तीन सूची आहेत. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, रेल्वे यांसारखे विषय संघसूचीत आहेत. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक शासन हे विषय राज्यसूचीत आहेत. शिक्षण, वने, विवाह असे विषय समवर्ती सूचीत असून त्यांवर केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात. शिक्षण पूर्वी राज्यसूचीत होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आले.

राज्ये कोण निर्माण करते आणि जिल्हे कोण निर्माण करते, यावरूनही ही वाटणी ध्यानात येते. नवे राज्य निर्माण करण्याचा किंवा राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नुसार संसदेला आहे. संसदेने केलेल्या कायद्यान्वये १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा ही राज्ये अस्तित्वात आली. जिल्ह्याची गोष्ट निराळी. पानिपत हा पूर्वी कर्नाल जिल्ह्याचा भाग होता. १ नोव्हेंबर १९८९ रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला, जुलै १९९१ मध्ये तो पुन्हा कर्नालमध्ये विलीन झाला आणि १ जानेवारी १९९२ पासून परत वेगळा झाला. अडीच वर्षांत तीन वेळा झालेल्या या फेरबदलासाठी संसदेकडे जावे लागले नाही. तो राज्य शासनाच्याच अखत्यारीतील विषय होता.

राज्यांची घडण सर्वत्र एका साच्याची नाही. हरियाणाच्या विधिमंडळात नव्वद सदस्यांची विधानसभा हे एकच सभागृह आहे. महाराष्ट्रात विधानसभेबरोबर विधानपरिषदही आहे. डिसेंबर २०१८ मध्ये पानिपत महानगरपालिकेचा महापौर मतदारांनी प्रत्यक्ष मतदानाने निवडला. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत महापौराची निवड नगरसेवक करतात. स्थानिक शासन हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे असा फरक संभवतो.

३. पंचायतीला संविधानाचा आधार

ग्रामपंचायती स्थापन करण्यासाठी राज्याने उपाय योजावेत, असे अनुच्छेद ४० मध्ये प्रारंभापासून म्हटले होते. मात्र ते मार्गदर्शक तत्त्व होते. त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. काही राज्यांनी या दिशेने लवकर पावले टाकली. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पण अनेक राज्यांत पंचायतींच्या निवडणुका वर्षानुवर्षे होत नसत. ही उणीव त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने दूर केली. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. नगरपालिकांसंबंधीची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती त्याच वर्षी १ जूनपासून लागू झाली.

या दुरुस्तीने काही गोष्टी सर्व राज्यांना बंधनकारक केल्या. पंचायतीची मुदत पाच वर्षांची असेल. अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा राखीव असतील. प्रत्येक राज्यात स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग असेल. पंचायतींच्या आर्थिक स्थितीचा आढावा घेण्यासाठी दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमला जाईल. बाकीचा तपशील ठरवण्याचे काम राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवण्यात आले. त्यानुसार हरियाणाने १९९४ मध्ये आपला पंचायती राज कायदा केला. गावासाठी ग्रामपंचायत, गटासाठी पंचायत समिती आणि जिल्ह्यासाठी जिल्हा परिषद अशी त्रिस्तरीय रचना तेथे आहे. २०२० मधील दुरुस्तीने हरियाणात स्त्रियांसाठी पन्नास टक्के जागांची तरतूद झाली. महाराष्ट्राने ती २०११ मध्येच केली होती.

बुआना लाखूची निवडणूक हरियाणाच्या राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली झाली. लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका घेणारा भारताचा निवडणूक आयोग हा वेगळा आहे. हे दोन आयोग एकच आहेत, असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही.

पाठगत प्रश्न १

एका वाक्यात उत्तरे लिहा.

(अ) स्थानिक शासन हा विषय कोणत्या सूचीत आहे?
(आ) नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार कोणाला आहे?
(इ) पंचायतींच्या निवडणुका कोण घेते?

४. उमेदवार कोण होऊ शकतो?

पंचायतीच्या निवडणुकीला उभे राहण्यासाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. याशिवाय कोणाला अपात्र ठरवायचे, याचे नियम राज्याचे विधिमंडळ करू शकते, असे अनुच्छेद २४३-च मध्ये म्हटले आहे. या एका वाक्याचा परिणाम किती दूरवर पोचतो, हे हरियाणात दिसून आले.

सप्टेंबर २०१५ मध्ये हरियाणाच्या विधानसभेने पंचायती राज कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार उमेदवार दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक झाले. स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी ही अट आठवीची, तर पंचपदाला उभ्या राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी पाचवीची ठेवली गेली. घरात वापरातले शौचालय असावे, सहकारी पतसंस्थेचे कर्ज व विजेचे देयक थकलेले नसावे, अशाही अटी होत्या. या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. 'राजबाला विरुद्ध हरियाणा राज्य' या नावाने तो खटला ओळखला जातो. राज्य शासनाने न्यायालयात दिलेल्या माहितीप्रमाणे ग्रामीण भागात वीस वर्षांवरील ९६ लाख लोक होते आणि त्यांतील ५७ टक्के लोक शिक्षणाची अट घातल्यावरही निवडणूक लढवू शकत होते. याचा दुसरा अर्थ असा की, ४३ टक्के लोकांसाठी उमेदवारीचे दार बंद झाले होते.

१० डिसेंबर २०१५ रोजी न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे यांच्या खंडपीठाने हा कायदा वैध ठरवला. पंचायतीचे काम नीट पार पाडण्यासाठी शिक्षण उपयोगी पडते, त्यामुळे अटीचा हेतूशी संबंध आहे, असा न्यायालयाचा विचार होता. या निर्णयावर टीकाही झाली. जे शाळेत जाऊ शकले नाहीत ते बहुतेक गरीब घरांतले होते. शाळा हुकली आणि आता त्याच कारणासाठी पंचायतही हुकली, असे टीकाकारांचे म्हणणे होते. आमदार किंवा खासदार होण्यासाठी शिक्षणाची कोणतीही अट नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. न्यायालयाने कायदा वैध ठरवला म्हणजे तो कायमचा झाला, असे नाही. विधिमंडळाने केलेला कायदा विधिमंडळ बदलू शकते. दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना अपात्र ठरवणारी हरियाणाची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवली होती. तरीही तीन वर्षांनी राज्याने ती स्वतःहून काढून टाकली. राजस्थानने पंचायत उमेदवारांसाठी घातलेली शिक्षणाची अट २०१९ मध्ये तेथील विधानसभेनेच रद्द केली. हरियाणात मात्र २०२२ च्या निवडणुकांतही ती लागू होती. कायदा संविधानाच्या मर्यादेत बसतो की नाही, हे न्यायालय पाहते. तो असावा की नसावा, हे लोकप्रतिनिधी ठरवतात. आणि ते प्रतिनिधी कोण असावेत, हे मतदार ठरवतात.

मुक्त विद्यालयात शिकणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. दहावी किंवा तिच्याशी समकक्ष परीक्षेचे मान्यताप्राप्त मंडळाचे प्रमाणपत्र, एवढेच या कायद्याने मागितले आहे. प्रौढ वयात पूर्ण केलेले शिक्षणही ती अट पूर्ण करते.

५. दाद कोठे मागायची?

आता बुआना लाखूच्या वादाकडे परत येऊ. पंचायतीच्या निवडणुकीला निवडणूक याचिकेखेरीज अन्य मार्गाने आव्हान देता येत नाही, असे अनुच्छेद २४३-ण मध्ये सांगितले आहे. निकाल मान्य नसला म्हणून मंत्र्याने किंवा अधिकाऱ्याने तो बदलावा, अशी सोय संविधानाने ठेवलेली नाही. आक्षेप घेणाऱ्या उमेदवाराने म्हणून पानिपत येथील दिवाणी न्यायाधीशांपुढे याचिका केली. अशा प्रकरणात हे न्यायाधीश निवडणूक न्यायाधिकरण म्हणून काम पाहतात. २२ एप्रिल २०२५ रोजी न्यायाधिकरणाने केंद्र क्रमांक ६९ वरील मतांची फेरमोजणी करण्याचा आदेश उपायुक्तांना दिला.

दुसऱ्या पक्षाने उच्च न्यायालयाकडे धाव घेतली. पंजाब, हरियाणा आणि चंदीगढ यांसाठी चंदीगढ येथे एकच उच्च न्यायालय आहे. दोन राज्यांना मिळून एक उच्च न्यायालय असू शकते, अशी संविधानात तरतूद आहे. महाराष्ट्र आणि गोवा यांनाही मुंबई उच्च न्यायालय हे समाईक आहे. १ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा आदेश रद्द केला. तेव्हा मूळ याचिकाकर्ता सर्वोच्च न्यायालयात गेला.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी सर्व मतदान यंत्रे दिल्लीत मागवली. फक्त एका केंद्राची नव्हे, तर सर्व सहा केंद्रांची मते न्यायालयाच्या अधिकाऱ्याने मोजावीत, मोजणीचे चित्रीकरण व्हावे आणि दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी हजर असावेत, असा आदेश झाला. ६ ऑगस्टला मोजणी झाली. एकूण ३,७६७ मतांपैकी याचिकाकर्त्याला १,०५१ आणि प्रतिस्पर्ध्याला १,००० मते मिळाल्याचे आढळले. अंतर ५१ मतांचे होते. ११ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायमूर्ती सूर्य कांत यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने, याचिकाकर्त्याला निवडून आलेला सरपंच म्हणून घोषित करणारी अधिसूचना दोन दिवसांत काढावी, असा आदेश पानिपतच्या उपायुक्तांना दिला. उरलेले मुद्दे न्यायाधिकरणापुढे मांडण्याची मुभा मात्र दोन्ही पक्षांना राहिली.

या प्रवासातून भारतीय न्यायव्यवस्थेचे एक वैशिष्ट्य दिसते. अमेरिकेच्या संघराज्यात राज्यांची न्यायालये वेगळी आणि संघाची न्यायालये वेगळी असतात. भारतात कायदेमंडळे आणि शासने दुहेरी असली, तरी न्यायव्यवस्था एकसंध आहे. तालुक्याचे व जिल्ह्याचे न्यायालय, त्यावर उच्च न्यायालय आणि सर्वांत वर सर्वोच्च न्यायालय अशी ही उतरंड आहे. हीच न्यायालये केंद्राचे कायदेही लावतात आणि राज्याचेही. बुआना लाखूच्या बाबतीत कायदा हरियाणाचा होता, पण त्याचा अखेरचा निवाडा देशाच्या न्यायालयाने केला. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात आणि दुय्यम न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते. त्यामुळे न्यायाधीशाला राज्य शासनाच्या मर्जीकडे पाहावे लागत नाही.

६. उशिराची किंमत

या प्रकरणाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. मतदान नोव्हेंबर २०२२ मध्ये झाले आणि निवाडा ऑगस्ट २०२५ मध्ये. सरपंचाची मुदत पाच वर्षांची. तीतील पावणेतीन वर्षे वादात गेली. अखेरच्या मोजणीला एक दिवस पुरला, पण ती मोजणी करावी की नाही हे ठरण्यास इतका काळ लागला. या काळात गावाचे रस्ते, पाणी, दिवाबत्ती यांचे निर्णय ज्याने घेतले, त्याला सर्वांत अधिक मते मिळालीच नव्हती. गेलेली वर्षे कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

अनेक संस्थांमध्ये सत्ता वाटून देण्यामागे एक जुना अनुभव आहे. कोणत्याही एका संस्थेची चूक तिला स्वतःला सहसा दिसत नाही. मोजणीच्या नोंदीतील चूक न्यायाधिकरणाने तपासायची, न्यायाधिकरणाचा निर्णय उच्च न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाचा सर्वोच्च न्यायालयाने तपासायचा, अशी ही योजना आहे. तिला वेळ लागतो. वेळ वाचावा म्हणून तपासणीच काढून टाकली, तर चूक कायम राहते; आणि तपासणी लांबतच गेली, तर न्याय मिळूनही त्याचा उपयोग उरत नाही. निवडणूक याचिका ठरावीक काळात निकाली निघणे म्हणूनच मतदारांच्या हिताचे आहे. बुआना लाखूच्या मतदारांचे मत अखेर मोजले गेले. ते वेळेवर मोजले जाणे हाही त्यांचा हक्क होता.

पाठगत प्रश्न २

रिकाम्या जागा भरा.

(अ) पंचायतीच्या निवडणुकीला फक्त निवडणूक ............ द्वारे आव्हान देता येते.
(आ) पंजाब व हरियाणा यांचे समाईक उच्च न्यायालय ............ येथे आहे.
(इ) फेरमोजणीत दोन उमेदवारांमधील अंतर ............ मतांचे निघाले.

शब्दार्थ

अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी किंवा तक्ता
समवर्ती – दोघांनाही एकाच वेळी लागू असलेली
अखत्यार – अधिकार, अधिकाराची कक्षा
अपात्र – पदासाठी अयोग्य ठरलेला
न्यायाधिकरण – विशिष्ट प्रकारचे वाद सोडवणारे न्यायमंडळ
अधिसूचना – शासनाने काढलेली अधिकृत जाहीर सूचना
समाईक – दोघांत किंवा अनेकांत मिळून असलेले

भाषाभ्यास

'आदेश देण्यात आला', 'मते मोजण्यात आली' अशी वाक्यरचना शासकीय मराठीत वारंवार आढळते. अशा वाक्यात क्रिया कळते, पण ती करणारा कळत नाही. 'सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला' या वाक्यात कर्ता स्पष्ट आहे. शासकीय पत्र वाचताना 'हे कोणी केले?' असा प्रश्न विचारण्याची सवय लावावी.

कृती : पाठाच्या आधारे योग्य कर्ता घालून पुढील वाक्ये पुन्हा लिहा.
(अ) पंचायती राज कायद्यात दुरुस्ती करण्यात आली.
(आ) न्यायाधिकरणाचा आदेश रद्द करण्यात आला.

तुम्ही काय शिकलात?

- संविधानाने केंद्र आणि राज्य यांच्यात विषयांची वाटणी केली आहे. स्थानिक शासन राज्याकडे आहे. परंतु पंचायतींची मुदत, आरक्षण आणि निवडणूक यांना संविधानाचे संरक्षण आहे.
- उमेदवारांच्या पात्रतेचे नियम राज्य विधिमंडळ करते. ते नियम संविधानाशी सुसंगत आहेत का, हे न्यायालय तपासते.
- भारतातील न्यायव्यवस्था एकसंध असून गावातील वादही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतो.

पाठान्त प्रश्न

१. बुआना लाखूचा वाद कोणकोणत्या न्यायालयांतून गेला, ते क्रमाने लिहा.
२. 'न्यायालयाने वैध ठरवलेला कायदाही बदलू शकतो.' पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. पंचायतीच्या उमेदवारांसाठी शिक्षणाची अट असावी का? दोन्ही बाजू मांडून तुमचे मत दहा-बारा ओळींत लिहा.
४. तुमच्या गावाच्या ग्रामपंचायतीत किंवा शहराच्या प्रभागात स्त्रियांसाठी किती जागा राखीव आहेत, याची माहिती मिळवून लिहा.

उत्तरसूची

पाठगत प्रश्न १ : (अ) स्थानिक शासन हा विषय राज्यसूचीत आहे. (आ) नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संसदेला आहे. (इ) पंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो.

पाठगत प्रश्न २ : (अ) याचिके (आ) चंदीगढ (इ) ५१

भाषाभ्यास : (अ) हरियाणाच्या विधानसभेने पंचायती राज कायद्यात दुरुस्ती केली. (आ) उच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचा आदेश रद्द केला.